पित्तासाठी तिरकी उशी: घ्यावी की पलंगच उचलावा?

रात्री घशाशी आंबट येऊन जाग येते म्हटलं की घरातला पहिला सल्ला ठरलेला: उशीवर आणखी एक उशी घे. हा सल्ला चुकतो. दोन उशांनी मान तेवढी वर येते, पोटाशी बाक पडतो आणि दाबलं गेलेलं पोट आंबट पाणी उलट वर ढकलतं. उचलायचं असतं कंबरेपासून वरचं अख्खं धड. आडवं झाल्यावर आम्ल खाली ठेवायला गुरुत्वाकर्षण उरत नाही, झोपेत लाळ आणि गिळणंही मंदावतं, म्हणून वर आलेलं आम्ल अन्ननलिकेत रेंगाळतं. पाचरीच्या आकाराची फोमची उशी, दुकानात जिला वेज पिलो म्हणतात, ती नेमकी याचसाठी आहे. चालते का? चालते, पण माप बरोबर असेल तरच.

उंच कड ७ ते ८ इंच, लांबी निदान २४ इंच. उतार साधारण १७ अंशांचा येतो. ऑनलाइन १० आणि १२ इंचीही दिसतात. त्या टेकून वाचायला बऱ्या, पण त्यांवर झोपलेला माणूस मध्यरात्रीपर्यंत घसरून पायथ्याशी येतो. १८ इंच लांबीची घेतली तर बाक पुन्हा पोटावरच.

फोम ३२ डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ३२ किलो वजनाचा मागा. हलका फोम दुकानात फुगीर दिसतो, अंगाखाली मात्र बसतो. उशीवर आडवं व्हायचं आणि दुसऱ्याला खांद्याखालची उंची पट्टीनं मोजायला सांगायची. वरच्या कडेपाशी ५ इंचही उरत नसतील तर ती परत ठेवा. समुद्रकिनाऱ्याजवळ राहत असाल तर अख्खी मेमरी फोमची उशी नकोच. तो फोम उष्णतेनं मऊ पडतो आणि मे महिन्यात धड आत रुततं. घट्ट गुंडाळी करून आलेली उशी उघडल्यावर एक-दोन दिवस फुलू द्या, माप त्यानंतर घ्या. गावातल्या गादीवाल्याकडे फोमचा ठोकळा असेल तर तोही पर्याय चांगला: २४ बाय २४ बाय ८ इंचांच्या ठोकळ्याला तिरका छेद दिला की एकाच्या दोन उशा निघतात. नवरा-बायको दोघांनाही पित्त असेल तर सोनेपे सुहागा.

खरी अडचण पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर फोम घाम आणि हवेतला दमटपणा धरून बसतो, मग कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात. सुती खोळी दोन हव्यात आणि चेन प्लास्टिकची; धातूची चेन खाऱ्या हवेत गंजून अडकते. रेक्झिनची खोळ पाणी अडवते, पण तिच्यावरून माणूस घसरतो आणि पाठ भिजते. उशी रोज सकाळी पंख्याखाली उभी करून ठेवा. श्रावणातलं ऊन बघून अंगणात टाकायचा मोह होतो, पण रोजच्या कडक उन्हानं फोम पिवळा पडून भुगा होतो.

झोपताना ढुंगण पातळ कडेच्या पलीकडे गादीवर, खांदे उतारावर आणि मानेला एक पातळ उशी. गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी ठेवली की घसरणं थांबतं. कूस डावी घ्या. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं. उजव्या कुशीवर उलटं होतं. उतारावर डावा खांदा दुखतो ही या उशीची नेहमीची तक्रार. एक उशी पोटाशी कवटाळून वरचा हात तिच्यावर टाकला तर भार बराच हलका होतो.

रात्री दहाला बांगड्याचं तिखट सांबारं, भात आणि वर वाटीभर सोलकढी घेऊन साडेदहाला आडवं होणाऱ्याचं मात्र ही उशी काही करू शकत नाही. जेवण आणि अंथरूण यांत ३ तास हवेत. सोलकढी पित्तशामक म्हणणाऱ्यांना राग येईल, पण आंबट कोकम, नारळाच्या रसाचं तेल, कच्ची लसूण आणि मिरची हे रात्री जळजळणाऱ्या माणसाचं पेय नव्हे. ती दुपारी प्या. गिळताना घास अडकणं, काळी शौच, आपोआप वजन उतरणं यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल तर त्याच क्षणी दवाखाना.

मग घ्यावी का? जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांनी आणि बॉक्सच्या पलंगवाल्यांनी जरूर घ्यावी. चार पायांचा लाकडी पलंग असेल तर आमचं मत उशीच्या विरोधात आहे. डोक्याकडचे दोन पाय ६ ते ८ इंच उचला. कुशी बदलली तरी उतार तोच राहतो आणि पावसाळ्यात सुकवायला काही उरत नाही. जोडीदारालाही तो उतार सोसावा लागतो, एवढं आधी विचारून घ्या. पायांखाली जांभ्याचे चिरे नकोत, त्यांची कड झडते आणि लादीवर ते सरकतात. सुताराकडून जाड लाकडाचे दोन ठोकळे करून घ्या, पाय बसेल अशी इंचभर खोल खाच कोरून, आणि तळाला जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा ठोकून. मच्छरदाणी भिंतीच्या खुंट्यांना बांधत असाल तर डोक्याकडच्या दोन खुंट्याही तेवढ्याच वर घ्याव्या लागतील.