झटका मशीन: पेटीला चार तारे, सोबतच्या सामानाला दीड

सातपुड्याच्या पायथ्याशी, रामटेक-पारशिवनीच्या जंगलकडेला ज्यांनी दोन-चार एकर घेऊन घर बांधलं, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या पडवीत एक बंद झटका मशीन, म्हणजे रानटी जनावरं अडवायला कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी पेटी, टांगलेली दिसते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "मशीनच बोगस निघाली." बहुतेक वेळा मशीन चांगली असते. बोगस असतो तो सोबतचा रॉड, बॅटरी आणि दुकानदाराने केलेला हिशेब.

नागपुरात शेती अवजारांच्या दुकानांतून जो नेहमीचा १२ व्होल्टचा सौर संच मिळतो, त्याचं हे परीक्षण. संचात झटक्याची पेटी, २० वॉटचं पॅनेल, ७ अँपिअर-अवरची बॅटरी, हूटर (कुंपणात बिघाड झाला की वाजणारा भोंगा), जमिनीत ठोकायचा दीड फुटाचा एक अर्थिंग रॉड आणि तार खांबाला टेकू न देणारे शंभर प्लॅस्टिक इन्सुलेटर. खोक्यावर छापलेलं असतं "१५ एकरांसाठी". त्या १५ एकरांकडे नंतर येऊ.

आधी पेटी. चालू केली की साधारण सेकंदाला एक 'टक' ऐकू येते. तो एक झटका सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरताच असतो, म्हणून हजारो व्होल्ट असूनही जनावर दचकून मागे सरतं, तारेला चिकटत नाही. आपल्याकडे या यंत्रांसाठी आयएस ३०२-२-७६ हे मानक आहे: दोन झटक्यांत किमान एक सेकंद अंतर आणि ५०० ओहमच्या भारावर एका झटक्यात जास्तीत जास्त ५ ज्यूल ऊर्जा. पेटीमागच्या पट्टीवर हे मानक आणि ज्यूलचा आकडा आहे का ते बघा. नुसते "१२,००० व्होल्ट" लिहिलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही, कारण तो मोकळ्या तारेवरचा आकडा. गवत टेकलेल्या तारेवर किती उरतात ते ज्यूलवर ठरतं. बिनपट्टीची पेटी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

आता अर्थिंग, कारण दहातले सात घोटाळे इथेच होतात. झटका पेटीतून तारेत, तारेतून जनावराच्या अंगात, पायातून जमिनीत आणि जमिनीतून रॉडमार्गे परत पेटीत, असं वर्तुळ पुरं झालं तरच बसतो. रामटेक तालुक्यातल्या देवलापारकडची जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली मुरूम. एप्रिल-मे मध्ये तो मुरूम इतका कोरडा होतो की वीज परत यायला वाटच राहत नाही. मीटर तारेवर सात हजार व्होल्ट दाखवतो आणि रानडुक्कर खुशाल आत जातं. संचातला दीड फुटी रॉड काळ्या ओल्या मातीत कदाचित चालेल, मुरमात नाही.

बाजारातून दोन मीटरचे तीन जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) रॉड वेगळे घ्या. ते एकमेकांपासून तीन-तीन मीटरवर ठोकायचे, शक्यतो नहाणीचं सांडपाणी मुरतं तिथे किंवा विहिरीच्या पाटाला, पण घराच्या महावितरण मीटरच्या अर्थिंगपासून किमान दहा मीटर लांब. तिन्ही एकाच सलग जीआय तारेने जोडा. तांब्याची वायर आणि जीआय रॉड यांचा सांधा दोन पावसाळ्यांत गंजतो. मिठाचा सल्ला सगळे देतात. मिठाने ओल धरते खरी, पण रॉडही खातं. त्यापेक्षा बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी चिकणमाती, बरं.

तपासणी अशी: पेटीपासून शंभर मीटरवर दोन-तीन लोखंडी सळया जमिनीत रोवून तारेला टेकवा, म्हणजे तारेवरचे व्होल्ट २,००० च्या खाली येतील. मग शेवटचा रॉड आणि त्याच्यापासून मीटरभर लांब रोवलेला एक खिळा, यांच्यामध्ये मीटर लावा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग अपुरं, आणखी रॉड ठोका. ही तपासणी मे महिन्यात करायची. जुलैत सगळ्यांचंच अर्थिंग उत्तम असतं. हा मीटर म्हणजे डिजिटल फेन्स टेस्टर. तो संचात येत नाही, पण त्याशिवाय कुंपण राखणं म्हणजे डोळे बांधून बंडी हाकणं.

बॅटरीचा हिशेब दुकानदार कधी करून दाखवत नाही. पेटी २०० मिलिअँपिअर ओढते असं धरलं, तर बारा तासांच्या रात्रीला २.४ अँपिअर-अवर लागतात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे ७ च्या बॅटरीतले वापरण्याजोगे साडेतीनच. दीड रात्र. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस सूर्य दिसला नाही की तिसऱ्या रात्री कुंपण मेलेलं, आणि मका नेमका त्याच दिवसांत भरत असतो. २६ अँपिअर-अवरची बॅटरी पाच रात्री काढते. पॅनेल ४० वॉटचं, तोंड दक्षिणेला, आणि नागपूरच्या अक्षांशाप्रमाणे २१ अंश कलवून. सागाच्या सावलीत लावलेलं पॅनेल उन्हाळ्यात उत्तम चालतं, कारण तेव्हा पानं नसतात. पावसाळ्यात पानं फुटली की चार्जिंग गेलं.

तारेचं सामान किती लागतं? दोन एकर म्हणजे ८,०९४ चौरस मीटर. तुकडा चौकोनी असेल तर घेर ३६० मीटर, लांबुळका असेल तर जास्त. चार ओळींना १,४४० मीटर तार. १४ गेजची, म्हणजे २ मिमीची जीआय तार किलोला साधारण ३९ मीटर बसते, म्हणजे ३७ किलो, आणि ताण-गाठींसाठी वर दोन किलो. दर चार मीटरला खांब धरला तर ९० खांब आणि ३६० इन्सुलेटर, कोपऱ्यांचे वेगळे. आता संचातले शंभर इन्सुलेटर आठवा. तेही बहुतेक साध्या प्लॅस्टिकचे. नागपूरच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकतात आणि तडकलेल्या फटीतून पावसाळ्यात वीज खांबात उतरते. रात्री अंधारात कुंपणाच्या कडेने फिरलं की अशा जागी निळी ठिणगी दिसते आणि बारीक 'चट्' ऐकू येतं. चिनी मातीचे जड, महाग, पण एकदाच घ्यायचे.

उंची जनावर बघून. रानडुकराचं अंग राठ केसांनी झाकलेलं, तिथे झटका नीट लागत नाही. लागतो तो ओल्या नाकाला, आणि ते नाकाने तार उचलून बघतंच. म्हणून पहिली ओळ २५ सेंमीवर, दुसरी ५०, तिसरी ९०, चौथी १४०. रोही (नीलगाय) सहसा उडी मारत नाही, छातीने रेटत घुसतो, त्याला वरच्या दोन ओळी. चितळाला मात्र १४० काहीच नाही. कळप मागे लागलेल्या कुत्र्यांनी बिथरला तर तो उडून जातो. पहिली ओळ २५ च्या खाली नेऊ नका. दक्षिण आफ्रिकेत खालच्या विजेच्या तारांवर खवले मांजरं मेल्याची नोंद आहे. झटका बसला की ते मागे सरण्याऐवजी तारेभोवतीच गोळा होतं. आपल्या जंगलातही खवले मांजर आहे. आणि वानरांसाठी ही मशीन घेणार असाल तर पैसे वाचवा, ती झाडावरून येतात.

मुरमाच्या जमिनीत एक जुगाड फार उपयोगी: ५० सेंमीची ओळ उन्हाळ्यात अर्थिंगला जोडायची. जनावर रेटताना खालची चालू आणि वरची अर्थ, दोन्हींना एकदम टेकतं, जमिनीवर अवलंबून राहावं लागत नाही. पावसाळ्यात ती परत चालू ओळीला. मध्ये एक साधा स्विच ठेवला की पाच मिनिटांचं काम. फाटकाखालून न्यायला मात्र घरच्या फिटिंगची वायर वापरू नका. तिचं आवरण १,१०० व्होल्टचं, झटक्यात ती पाइपातल्या पाइपात फुटते आणि बिघाड आठवडाभर सापडत नाही. फेन्ससाठीची दुहेरी आवरणाची केबल मागा.

आता ते १५ एकर. गवत नसलेल्या, नव्या तारेवर खरे. ऑगस्टमध्ये ओलं गवत खालच्या ओळीला शेकडो ठिकाणी टेकतं आणि प्रत्येक पातं थोडी वीज जमिनीत सोडतं. तारेवर ४,००० च्या खाली आलं की रानडुकराचा धाक संपला. जंगलकडेला २ एकरांसाठी हीच पेटी योग्य, ५ एकरांपर्यंत दर पंधरवड्याला गवत काढणार असाल तर. कुंपणाखाली दोन फुटांचा पट्टा मोकळा ठेवा. फेब्रुवारीपासून तोच पट्टा वणव्यातही कामी येतो.

हूटर हा संचातला सगळ्यात निरुपयोगी भाग नाही, पण सगळ्यात लवकर बंद केला जाणारा आहे. गवत टेकलं की रात्रभर बोंबलतो, लोक त्याची वायरच काढतात, आणि खरोखर तार तुटली की कळायला मार्ग उरत नाही. काही दुकानं सोबत फिरता फोकस गळ्यात मारतात. तो घेऊ नका. इथला पेंच व्याघ्रप्रकल्प हे जानेवारी २०२४ पासून भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखलेलं क्षेत्र आहे, सिल्लारी-वाघोड्यासारख्या गावांतले रस्त्यावरचे दिवेसुद्धा खाली तोंड करून बदलले आहेत. तिथे आकाशात झोत फिरवणं शेजाऱ्यांनाही खपत नाही, आणि डुकरं आठवड्यात सरावतात.

खांब ठोकण्याआधी कागद. जंगलाच्या बाजूचा धुरा नजरेने ठरवू नका, भूमी अभिलेखची मोजणी करून तिच्या नकाशाची 'क' प्रत हातात घ्या. लगतचा मोकळा तुकडा सरकारी नोंदीत 'झुडपी जंगल' असेल तर त्यावर एकही खांब नको. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल हे वनच मानलं आहे. निस्तार पत्रकही, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद, बघा: त्यात नोंदलेली पांदण किंवा गुरांची वाट कुंपणाने अडवली तर तक्रार होणारच, आणि गावाचं बरोबर असेल. मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणारी माणसं पहाटेच्या अंधारात तिथूनच जातात. पिवळ्या पाट्या, चित्रासकट, प्रत्येक वाटेवर लावा.

पेटी बंद पडली म्हणून तारेत थेट २३० व्होल्ट सोडण्याचा विचारही नको. त्यात माणसं मेली आहेत, विदर्भात वाघही मेले आहेत, आणि हा थेट फौजदारी गुन्हा आहे.

व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमधल्या (गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या) गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत वैयक्तिक सौर कुंपणाला खर्चाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, जे कमी असेल ते, अनुदान आहे. गाव यादीत आहे का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून मगच बिल फाडा.

वॉरंटीबद्दल दुकानदार तोंडभरून बोलतो, पण आकाशातली वीज पडून पेटीतलं सर्किट कार्ड जळालं तर ती सहसा लागू होत नाही, आणि पेट्या जळतात त्या बहुतेक मे अखेरच्या वळवात. तीनेकशे मीटरचं मोकळं लोखंड म्हणजे विजेला आमंत्रणच. पेटी आणि कुंपणाच्या मधोमध लाइटनिंग अरेस्टर (आकाशातली वीज जमिनीत वळवणारा भाग) बसवा, त्याला वेगळा रॉड द्या, आणि ढग गडगडायला लागले की कुंपणाची तार पेटीवरून सोडवून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.