गावची झेडपी की तालुक्याची इंग्लिश मीडियम? तिसरीच्या आत ठरवा

माझं खत-बियाण्यांचं दुकान. मे महिन्यात गिऱ्हाईक बियाण्याचा भाव विचारायला येतं आणि जाता जाता पोराला कुठं घालू म्हणून विचारतं. मी दोन्हीकडचं पाणी प्यालोय, म्हणून सांगतो. थोरली पहिली-दुसरी तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला होती. तिसरीला तिला गावच्या झेडपीत आणली. धाकट्याला सरळ झेडपीतच घातला.

फी, व्हॅन, बूट-टायचा हिशेब तुमचा तुम्ही केलेलाच असणार. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांत नंबर लागला तर फीचा भार जातो, पण आठवीपर्यंतच, आणि आमच्याकडे व्हॅनचे पैसे तरीही खिशातूनच जात.

इंग्लिश शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिथं बाई रोज वर्गावर असायच्या. आमच्या झेडपीत चार वर्गांना दोन गुरुजी. एकाला मतदार यादीचं काम लागलं की दुसरे चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसतात. त्यात आमचा बीड जिल्हा. दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की वर्गातली निम्मी पोरं गायब. काही आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात, उरलेली कारखान्यावर. ही दुखणी आजही तशीच आहेत, लपवत नाही.

तरी पोरगी काढली. कारण म्हणाल तर डायरी.

रोज एक ओळ इंग्रजीत. तीही पोरीने फळ्यावरून जोडलेल्या अक्षरांत उतरवलेली, अर्धी राहिलेली. घरी दुपारी आजी, तिला मराठी वाचता येतं. बायको रानातून येणार दिवेलागणीला, ती अक्षरं लावते पण अर्थापाशी अडते. मग डायरीचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर. मी दुकान बंद करून तो बघणार नऊ वाजता, तोवर पोरगी झोपलेली. एकदा अशीच ओळ होती: पाच झाडांची पानं आणा. आमच्या घरामागं शेवगा, लिंब, सीताफळ, बांधावर बाभळ आणि चिंच. आजीला नुसतं विचारलं असतं तर तिने पाचाऐवजी पंचवीस आणली असती. पोरगी रिकाम्या हातानं गेली आणि लाल शाईचा शेरा घेऊन आली. त्यावर पालकांची सही हवी होती. ती मी केली.

महिनाभरानं शिकवणी लावली. बारावी झालेल्या एका मुलीकडे, तीही डायरीच वाचायची. म्हणजे शाळेला पैसे, आणि शाळा काय म्हणते ते सांगायला वेगळे पैसे. यात शाळेचा दोष किती आणि आमचा किती, कोण जाणे. ज्यांच्या घरी दुपारी इंग्रजी वाचणारं माणूस आहे, त्यांना ही अडचण कदाचित जाणवायचीही नाही.

झेडपीत सेमी इंग्लिश आहे, गणित इंग्रजीतूनच चालतं. तिसरीच्या परिसर अभ्यासात पुन्हा झाडं निघाली. तेव्हा आजी आणि नात तासभर बांधावर होत्या. हा काही निकाल नव्हे. पण पोरगी घरी शाळेबद्दल बोलायला लागली, एवढं मी पाहिलं. आकड्यांचंही तसंच. आधी दुकानात सत्तावन्न रुपये म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची. आता सुट्टे पैसे तीच देते. (२०१९ साली बालभारतीनेच दुसरीच्या गणितात एकवीस-बावीससाठी ‘वीस एक, वीस दोन’ आणलं होतं आणि केवढा गदारोळ झाला होता, ते आठवतं.)

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. नवोदयमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, सहावीच्या प्रवेशाच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आहेत, पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली लागते. तालुक्याला नगरपंचायत वा नगरपालिका असेल तर तिथली शाळा शहरी धरली जाते, मग तुम्ही राहायला वाडीवर का असेना. परीक्षा मराठीतूनही देता येते. आठवीत जिची परीक्षा असते ती एनएमएमएस शिष्यवृत्तीही तशीच: वर्षाला १२,००० रुपये, पण सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच, उत्पन्नाची अट सांभाळून. विनाअनुदानित इंग्लिश शाळेतल्या पोराला ती वाट बंद.

आता तुमच्या गावच्या झेडपीत एकच गुरुजी असतील आणि ते महिन्यातले दहा दिवस तहसीलला असतील, तर माझं ऐकू नका, व्हॅन लावा. ते कळायला मात्र १५ ऑगस्टला शाळेत जाऊन उपयोग नाही. एखाद्या मंगळवारी खिचडीच्या आधी, अकराच्या सुमारास, न सांगता डोकावून या. मी दोनदा गेलो होतो. एकदा गुरुजी वर्गात होते. एकदा नव्हते, पण चौथीतली एक मुलगी पहिलीच्या पोरांना पाढे म्हणायला लावत होती.