गिअरबॉक्स न उतरवताच लावलेलं क्लचचं बिल : जुनी स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्यांसाठी

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकाला फसवणं सोपं जातं, कारण मोठ्या खर्चाची त्याच्या मनाची तयारी आधीच झालेली असते. गाडीने तिशी ओलांडली की आज ना उद्या काहीतरी मोठं निघणार, हे तो धरूनच चालतो. मला ज्या गॅरेजने लुबाडलं, त्यांनी नेमका याच तयारीचा फायदा उचलला. तक्रार अजून चालू असल्यामुळे गॅरेजचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र तपशीलवार लिहितो, कारण ती कुठल्याही गॅरेजात आणि कुठल्याही जुन्या गाडीवर चालू शकते.

माझी गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीतली, १.६ लिटर इंजिनाची. अनेकजण तिला मियाटा म्हणतात. १९८९ साली शिकागोच्या वाहन प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९९७ पर्यंत ही पिढी बनत होती. बटण दाबलं की बॉनेटमधून वर येणारे दिवे याच पिढीत होते. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, आणि दोघांपुरती जागा. या जातीच्या गाड्यांत हिची यंत्रणा साधी आणि टिकाऊ मानली जाते. हे आधीच सांगतो, कारण मला सांगितलेल्या बिघाडांची यादी ऐकून कुणालाही वाटेल की ही गाडी घेणंच चूक आहे. तसं अजिबात नाही.

दुखणी दोन होती. क्लचचा पेडल मऊ पडला होता. कधीकधी तो थेट तळाला जायचा आणि गिअर पडताना कुरकुर व्हायची. शिवाय गाडी उभी राहिली की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, बरोबर त्या ठिकाणाखाली तेलाचे थेंब पडायचे.

त्या गॅरेजची ओळख जुन्या स्पोर्ट्‌स कारचे जाणकार अशी होती. रॅम्पवर गाडी चढली, गॅरेजच्या मालकाने टॉर्च मारला आणि काही मिनिटांत निकाल दिला. "साहेब, क्रँकशाफ्टचं मागचं सील गेलंय आणि क्लच पण संपलाय. दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागणार. एकदा उतरवलाच आहे तर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, सगळंच नवीन टाकून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी भरावी लागेल."

मागचं सील म्हणजे क्रँकशाफ्ट, इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, गिअरबॉक्सकडे जिथे बाहेर येतो तिथे तेल अडवणारी कडी. बाकीचे सगळे क्लचचे आणि त्याच्या आसपासचे भाग. हा सल्ला खोटा नाही, आणि सगळा डाव तिथेच आहे. गिअरबॉक्स उतरवणं हे मोठं काम आहे. या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागापर्यंत, ॲल्युमिनियमची एक लांब चौकट जाते. तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. ती सोडल्याशिवाय गिअरबॉक्स मोकळा होत नाही. म्हणून गिअरबॉक्स खाली आला असेल तर आतले सगळे झिजणारे भाग एकदमच बदलावेत, असं कुठलाही प्रामाणिक मिस्त्रीही सांगेल. त्या माणसाने सांगितलेलं प्रत्येक वाक्य जुन्या गाड्यांबद्दल खरं होतं. माझ्या गाडीबद्दल मात्र त्यातलं एकही खरं नव्हतं.

गाडी परत मिळाली तेव्हा पेडल घट्ट होता आणि खालून एक थेंबही पडत नव्हता. बिलावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, दोन्ही बेअरिंगं, मागचं सील, फ्लायव्हील (क्लच प्लेट जिच्यावर दाबून बसते ती जड चकती) घासण्याची मजुरी, नवीन गिअर ऑइल आणि गिअरबॉक्स काढून बसवण्याची मजुरी अशी सगळी कामं लावलेली होती. बिलाचा आकडा गाडीच्या निम्म्या किमतीच्या पुढे गेला होता. जुने भाग मी मागितले. त्यांनी लगेच एक पिशवी हातात दिली. आत घासून गुळगुळीत झालेली क्लच प्लेट आणि एक काळवंडलेलं बेअरिंग होतं. पुरावा म्हणून याहून अधिक कोण काय मागणार?

काही आठवड्यांनी थेंब परत सुरू झाले, अगदी त्याच जागी.

यावेळी गाडी दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाना हातातच घेतला नाही. आधी इंजिनाची मागची बाजू आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं कवच, ज्यात क्लच असतो) ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने धुऊन वाळवली, त्यावर पांढरी पावडर भुरभुरली आणि मला म्हणाले, "थोडं फिरवून आणा. तेल कुठून निघतंय ते तेलच सांगेल." परत आल्यावर त्यांनी मोबाइलचा कॅमेरा इंजिन आणि मागच्या पत्र्याच्या अरुंद फटीत सरकवला. पावडरीतून एक काळी ओली रेघ खाली आलेली स्पष्ट दिसत होती. ती क्रँकशाफ्टच्या उंचीवर सुरू होत नव्हती. सुरुवात बरीच वर, हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला होती. तिथे कॅम अँगल सेन्सर बसतो, वाल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट किती फिरला ते टिपणारा. त्याच्या दांड्यावर रबराची एक छोटी ओ-रिंग असते. इतक्या वर्षांच्या उष्णतेने ती प्लॅस्टिकसारखी कडक होते आणि तेल सोडायला लागते. ते तेल हेडच्या मागून ओघळत बेलहाउसिंगवर येतं आणि तिथून थेंब पडतो. खालून पाहणाऱ्याला ते मागच्या सीलचंच वाटतं. या पिढीच्या गाड्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे, आणि त्या गाड्यांवर हात बसलेल्या कुणालाही ते ठाऊक असायला हवं.

ओ-रिंग बदलायला सेन्सरचा एकच बोल्ट काढावा लागतो. काळजी एवढीच घ्यायची की सेन्सर मूळ कोणत्या कोनात होता त्याची खूण आधी करून ठेवायची. तो फिरला की इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, फिरतं, म्हणून शेवटी टायमिंग लाइट लावून तपासायचं.

मग मी विचारलं, "सील तर नवीन टाकलंय ना?" त्यांनी मला गाडीखाली बोलावलं. पॉवर प्लांट फ्रेमच्या बोल्टांवर जुनी धूळ आणि तेल मिळून झालेला कडक थर तसाच होता. बोल्टचं डोकं आणि त्याखालची जागा यांना जोडणारी तेलकट पुटाची साय कुठेही तुटलेली नव्हती. बोल्ट एकदा जरी फिरला तरी ती साय फाटते आणि पाना बसतो त्या कडा चमकतात. बेलहाउसिंगच्या बोल्टांचीही तीच गत. गिअरबॉक्सचा निचऱ्याचा बूच काढला तर आतून काळपट, कुजकट वासाचं जुनं तेल आलं, बिलावर नवीन तेल असूनही. शेवटी त्यांनी क्लच फोर्कवरचं (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्यावरचं) रबर बाजूला करून बारीक कॅमेरा आत घातला. 'नवीन' रिलीज बेअरिंगवर धुळीचा जाड थर बसलेला होता.

पिशवीतली प्लेट त्यांनी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि मापपट्टी लावली. व्यास २१५ मिलिमीटर. १.६ लिटरच्या गाडीत कारखान्यातून २०० मिलिमीटरची प्लेट येते. २१५ ची प्लेट नंतर आलेल्या १.८ लिटर इंजिनाच्या गाडीत बसते. म्हणजे 'तुमच्या गाडीतून काढलेली' म्हणून मला दिलेली प्लेट दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीची होती. ती पिशवी माझ्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी तिथे तयारच असणार.

मग पेडल घट्ट कसा झाला? गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला, दोन बोल्टांवर बसलेला एक नवा कोरा सिलिंडर चमकत होता. तो क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, पेडलकडून आलेल्या द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणारा. तेवढा त्यांनी बदलला होता, आणि बिलावर त्याचाच उल्लेख नव्हता. या गाडीत स्लेव्ह सिलिंडर गळणं हे पेडल मऊ होण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे, आणि त्यासाठी गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही. बाकी त्यांनी इंजिनावर जोराचं पाणी मारून तेल धुऊन काढलं. धुतलेली जागा पुन्हा तेलाने भरेपर्यंत माणूस समाधानात राहतो आणि पैसे देऊन मोकळा होतो.

क्लचबद्दल एक फरक सगळ्यांनी लक्षात ठेवावा. वरच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, तेव्हा क्लच घसरतोय, आणि प्लेट झिजल्याचा संशय रास्त आहे. पेडल मऊ, गिअर पडायला त्रास, पेडल दोनतीनदा पंप केल्यावर तात्पुरतं बरं वाटणं, ही लक्षणं मात्र द्रवाच्या बाजूची आहेत. अशा वेळी आधी क्लचच्या द्रवाची पातळी पाहावी आणि स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण मागे सारून आत ओल आहे का ते बघावं. आत ओल सापडली की दुखणं तिथेच आहे, आणि तोवर कुणी गिअरबॉक्सची भाषा काढू नये.

त्याच भेटीत त्या गॅरेजवाल्याने पुढच्या कामांचीही पेरणी करून ठेवली होती. तीही सांगतो, कारण अशी वाक्यं जुन्या गाडीवाल्यांच्या कानावर वारंवार पडतात. सकाळी गार इंजिन सुरू करताना वरून येणारी टिकटिक ऐकून तो म्हणाला, "बेअरिंग बोलायला लागलंय." या इंजिनात वाल्व्हवर तेलाच्या दाबाने चालणारे ॲडजस्टर असतात. गाडी काही काळ उभी राहिली किंवा तेल जुनं झालं की ते सुरुवातीला वाजतात, आणि इंजिन तापल्यावर किंवा तेल बदलल्यावर बहुतेक वेळा शांत होतात. क्रँकच्या बेअरिंगचा ठोका खोल आणि जड असतो आणि इंजिनावर भार आला की वाढतो. हे दोन आवाज एकसारखे वाटण्याचं काही कारण नाही.

दुसरं, गरम इंजिन नुसतं चालू ठेवून त्याने तेलाच्या दाबाचा काटा खाली आलेला दाखवला. तेल तापून पातळ होतं आणि कमी फेऱ्यांवर पंप हळू फिरतो, म्हणून काटा खाली येतोच. फेरे वाढवले की तो वर जातो का, ते पाहायचं असतं, आणि तेवढंच त्याने मला दाखवलं नाही. तिसरं, क्रँकशाफ्ट आणि वाल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट तुटला तर वाल्व्ह वाकून सगळं इंजिन जाईल, अशी भीती घातली. अनेक इंजिनांत तसं होतं हे खरं. पण या १.६ च्या इंजिनात बेल्ट तुटला तरी वाल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना लागत नाहीत. गाडी जागीच बंद पडते. बेल्ट वेळेवर बदलायलाच हवा, पण घाबरून नव्हे, आणि त्याच दिवशी, त्याच गॅरेजात तर मुळीच नव्हे.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्याने न सांगितलेल्या गोष्टीचा. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी काळ्याची तपकिरी झाली होती. या वयाच्या गाडीत ती तडकण्याची ही आगाऊ सूचना असते. ती चालत्या गाडीत फुटली की पाणी जातं, इंजिन तापतं आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं. इंजिन खरोखर घालवू शकणारी माझ्या गाडीतली गोष्ट हीच होती. बॉनेट उघडताच समोर दिसणारी. पण रेडिएटर बदलणं हे लहान काम, त्यात कमाई थोडी. खोटी कामं लावणारा माणूस खऱ्या कामांकडे पाहत नाही, आणि जुन्या गाडीला हे सगळ्यात महागात पडतं. वयस्क मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी त्या टाकीवर बोट ठेवलं, आणि ओ-रिंगच्या आधी रेडिएटर बदलला.

"भाग मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतील, आगाऊ रक्कम द्या," हेही मला ऐकवलं होतं. या गाडीपुरतं तरी ते पटण्यासारखं नाही. २०१६ पर्यंत सगळ्या पिढ्या मिळून दहा लाख एमएक्स-५ बनल्या होत्या. २०१७ मध्ये खुद्द माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या पूर्ववत करून देण्याची योजना जाहीर केली आणि बंद झालेले काही भाग पुन्हा बनवायला घेतले. तुमची गाडी दुसरी असेल तर तिच्या भागांचे क्रमांक स्वतः शोधून ठेवा. क्रमांक घेऊन बोलणाऱ्या गिऱ्हाइकापुढे आगाऊ रकमेची भाषा बरीच मवाळ होते.

गाडी आत देण्याआधी मी आता काही गोष्टी करतो. ज्या बोल्टांना हात लागल्याशिवाय सांगितलेलं काम होऊच शकत नाही, त्यांच्यावर रंगाची बारीक रेघ ओढतो, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या धातूवर, आणि फोटो काढून ठेवतो. गळती असेल तर धुऊन, पावडर टाकून उगम दाखवल्याशिवाय खोलायला परवानगी देत नाही. गिअरबॉक्स खरंच खाली आला तर तो जमिनीवर असतानाच जाऊन बघतो, आणि बसवण्याआधी नवा भाग जुन्याशेजारी ठेवून फोटो घेतो. चांगला मिस्त्री याला हरकत घेत नाही. उलट त्याला बरं वाटतं की मालक बघतोय.

त्या गॅरेजला मी बोल्टांचे, तेलाचे आणि मापपट्टी लावलेल्या प्लेटचे फोटो जोडून लेखी पत्र दिलं आणि बिलावरच्या प्रत्येक भागाची खरेदीची पावती मागितली. आधी "पिशवीची अदलाबदल झाली असेल" असं उत्तर आलं. पण अदलाबदलीने बोल्टांवरचा थर परत येत नाही, हे लिहिल्यावर सूर बदलला. पावत्या आजवर आलेल्या नाहीत. शेवटचा निरोप असा होता की प्लेट परत आणून दिली तर भागांचे पैसे देऊ, मजुरीचे नाही. मी नकार कळवला आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर फोटो हवे तितके द्या, पण मूळ वस्तू तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हातातून सोडू नका. त्यांच्या हाती ती गेली की २१५ मिलिमीटरचा आकडा फक्त तुमच्या तोंडी उरतो.