हेलसिंकीत लाइट थेरपी लॅम्प: पूर्ण हिवाळा वापरून झाल्यावर

हिवाळ्यातल्या उदासीवर सकाळी समोर लावून बसायचा हा झगझगीत दिवा ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं एक तास मागे गेली त्याच आठवड्यात घेतला होता, आता एप्रिल आलाय आणि परवाच पुसून कपाटात ठेवला, म्हणून म्हटलं लिहून टाकूया. आधीच सांगते, पैसे वसूल आहेत, पण बॉक्सवरची बाई जशी दात दाखवून हसतेय तसं काही होत नाही हं.

हिवाळ्यात उजेड कमी पडून मूड जातो, हे आमच्या घरी सांगलीला कोणाला पटतच नव्हतं. थंडी म्हणजे हुरडा, भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, गच्चीत कोवळ्या उन्हात बसून शेंगा फोडणं, त्यात मूड जातोच कसा? आई म्हणायची स्वेटर घाल आणि जरा बाहेर पड. अगं पण थंडीचा प्रश्नच नाहीये, थंडीला कपडे आहेत. डिसेंबरात इथे सूर्य साडेनवाच्या आसपास उगवतो आणि सव्वातीनच्या आत बुडतो, तोही बहुतेक वेळा ढगाआड, त्यामुळे ऑफिसला जाताना अंधार नि येताना अंधार. माझ्या मते नोव्हेंबर तर डिसेंबरपेक्षा वाईट, कारण बर्फ टिकत नाही, सगळीकडे ओलं काळं डांबर. बर्फ साचला की निदान रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड तरी परत येतो.

मागच्या दोन हिवाळ्यांत माझं ठरलेलं होतं: दहा-दहा तास झोपायचं तरी डोकं जड, भात आणि गोड सोडून काही नको, वजन वाढतंय, कोणाचा फोन घ्यायला नको, आणि मार्च संपता संपता सगळं आपोआप ठीक. यंदा ऑफिसकडून जे डॉक्टर मिळतात त्यांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, कधी उलटं होतं का, म्हणजे झोप न घेता भलताच उत्साह, खर्च, बडबड? मग डोळ्यांचा काही आजार, चालू गोळ्या. हे प्रश्न उगीच नसतात, बायपोलर असेल तर अशा उजेडाने माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, आणि काही औषधांनी डोळे-त्वचा उजेडाला जास्त नाजूक होतात. तेव्हा डॉक्टरला न विचारता ऑर्डर करू नका. आणि जगणंच नको वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर लॅम्पचा विचार बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा, त्याच दिवशी.

आता मुद्द्याचं. सगळ्या लॅम्पवर १०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) ठळक लिहिलेलं असतं, पण किती अंतरावर ते बारीक अक्षरात. माझ्यावर २० सेंटीमीटर आहे, म्हणजे जवळजवळ नाकासमोर! मागे सरकलं की उजेड झपाट्याने कमी होतो आणि मग अर्ध्या तासाचं काम दोन तासांवर जातं. तुलनेसाठी, ऑफिसमध्ये साधारण ३०० ते ५०० लक्स असतात, आणि आपल्याकडे भर दुपारच्या उन्हात लाखाच्या घरात. तेव्हा मोठा पॅनल घ्या, त्याचं अंतर सोयीचं असतं. छोटे गोंडस टॅब्लेटएवढे मिळतात ते मला तरी पटले नाहीत.

उठल्यावर तासाभराच्या आत, अर्धा तास, थोडा तिरका ठेवून, पोहे खात किंवा मेल बघत. दिव्याकडे टक लावून बघायचं नसतं, फक्त डोळे उघडे हवेत, कारण डोळ्यातल्या काही पेशी मेंदूतल्या घड्याळाला सकाळ झाल्याचं कळवतात. नवरा त्याला ऑपरेशन थिएटर म्हणतो, समोरच्या बिल्डिंगला काय वाटत असेल देव जाणे. सुरुवातीला डोकं दुखलं, वेळ कमी करून वाढवत नेला तेव्हा थांबलं. एकदा संध्याकाळी लावून बघितला तर रात्री टक्क जागी.

फरक आठवडाभरात जाणवायला लागला, पण तो आनंद वगैरे नव्हे. अलार्मला उठता यायला लागलं, दुपारची ग्लानी गेली, गोडाची हाव कमी झाली. सुट्टीच्या दिवशी चार वाजता खिडकीबाहेर मध्यरात्र दिसते तेव्हा जे पोटात कालवतं ते मात्र तसंच राहिलं, घरची आठवण तशीच. त्यावर मला दुपारच्या सुट्टीतला चालण्याचा राउंड जास्त लागू पडला, ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड ऑफिसपेक्षा बराच जास्त असतो, शिवाय माणसं दिसतात. आणि व्हिटॅमिन डी याने मिळत नाही बरं का, ते ज्याने बनतं तो उन्हातला यूव्ही (अतिनील किरण) यात गाळलेला असतो, गोळी वेगळी घ्यावी लागते. हे इथल्या आपल्या ग्रुपमध्ये दर वर्षी कोणीतरी विचारतंच.

आपण उन्हातली माणसं म्हणून आपल्यालाच होतं असंही नाही, माझी फिनिश टीममेट वर्षानुवर्षं टेबलावर हाच दिवा लावते. पण १९८४ मध्ये ज्या नॉर्मन रोझेन्थल यांनी सहकाऱ्यांसोबत या आजाराचं वर्णन करून त्याला सॅड (सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ठरावीक ऋतूत येणारं नैराश्य) नाव दिलं, ते स्वतः दक्षिण आफ्रिकेतून न्यूयॉर्कला आले होते आणि तिथल्या हिवाळ्यात त्यांनाही हे जाणवलं होतं, हे वाचून मला फार बरं वाटलं. आईलाही सांगितलं, तिने लगेच मोठ्या डॉक्टरांना झालं म्हणजे खरंच असणार असं मान्य केलं!

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो वायरसाठी, इतकी आखूड की एक्सटेंशन बोर्ड घ्यावाच लागला. घ्यायचा असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच घ्या, पार खचल्यावर बॉक्स उघडायचाही कंटाळा येतो. आणि कुठला घेऊ असं विचारताना मला बॉक्सचा फोटो नका पाठवू, मॅन्युअलचं पान पाठवा, दहा हजार किती सेंटीमीटरवर लिहिलेत ते बघून सांगते.