बायपास फॅट: आठ महिने वापरल्यावर

दूध आणि त्यातली फॅट वाढावी म्हणून गेल्या आषाढात बायपास फॅट या पावडरीची पहिली बॅग आणली. गोठ्यात पाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी, त्यातल्या दोन ताज्या व्यालेल्या, वीस लिटरच्या पुढच्या. पहिला महिना पैसे पाण्यात. दूध तेवढंच, फॅट ३.२ टक्क्यांवर अडकलेली, वर शेण पातळ. दुकानदाराला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. खोट मात्र माझ्याच गव्हाणीत होती.

ही पावडर म्हणजे पामतेलातली स्निग्धाम्लं कॅल्शियमशी बांधून केलेला एक प्रकारचा साबण. मोकळं तेल जास्त झालं की कोठीपोटात (गायीच्या पोटाच्या चार कप्प्यांतला पहिला, सगळ्यात मोठा) वैरणीच्या तंतूंवर त्याचा थर बसतो आणि तंतू पचवणारे जिवाणू मरगळतात. (व्यालेल्या गायीला वाटीभर तेल पाजणारे आमचे आबा हे ऐकूनच घेत नाहीत.) बांधलेली चरबी कोठीपोटातून तशीच पुढे सरकते, चौथ्या कप्प्यातल्या कडक आम्लात सुटते आणि आतड्यात शोषली जाते. पण कोठीपोटच आंबट झालं, सामू (पीएच) ६ च्या खाली उतरला, तर ती गाठ तिथेच सुटायला लागते. माझ्याकडे नेमकं तेच. मक्याचा भरडा दिवसाला पाच किलो आणि कुट्टी इतकी बारीक की गायींना रवंथ करायला काही उरतच नव्हतं. रवंथ कमी तर लाळ कमी, आणि आम्ल मारणारा सोडा तर लाळेतूनच येतो.

भरडा तीन किलोवर आणला, तोही दोनाऐवजी तीन वेळा विभागून. कडबा बोटभर लांब ठेवला. पंधरवड्यात शेण बांधून आलं, दुपारी गायी निवांत रवंथ करत बसलेल्या दिसू लागल्या. मग फॅट ३.६ झाली आणि दूध गायीमागे दीड लिटरने चढलं. रोज २०० ग्रॅमचे तीसेक रुपये जातात, ते वाढीव दुधातून निघून वर थोडं उरतं.

वास साबणासारखा. गौरीने चार दिवस आंबवणाला (भिजवलेल्या खुराकाला) तोंड लावलं नाही. मूठभरापासून सुरुवात करून आठवड्यात पूर्ण मात्रेवर नेलं. मागच्या वेताला ती पाच महिने माजावर आली नव्हती, यंदा अडीच महिन्यांत आली. एका गायीवरून मी पैज लावणार नाही.

आटत आलेल्या सात लिटरच्या गायीलाही हौसेने महिनाभर घातली. ती गुटगुटीत झाली, दूध सातच लिटर. आता नवी बॅग आणलीय ती कपिलीसाठी, तिचे दिवस भरायला दहा उरलेत.