संघनिवडीचा वाद आणि पूर्ण ऐंशी मिनिटे: रग्बीपास टीव्हीचे परीक्षण

वर्ल्ड रग्बी या रग्बीच्या जागतिक संघटनेने 2023 च्या विश्वचषकाच्या सुमारास रग्बीपास टीव्ही ही प्रक्षेपणसेवा सुरू केली. तिला वर्गणी नाही. ईमेलचा पत्ता देऊन खाते उघडले की फोनवर किंवा संगणकावर सामने पाहता येतात. थेट सामने, मुलाखती आणि माहितीपर कार्यक्रम तेथे असले, तरी माझ्या लेखी या सेवेचे खरे मोल मागच्या विश्वचषकांतील पूर्ण लांबीच्या सामन्यांत आहे आणि हे परीक्षण प्रामुख्याने त्या संग्रहाविषयी आहे. पुढचा विश्वचषक 1 ऑक्टोबर 2027 रोजी ऑस्ट्रेलियात सुरू होईल, त्यात प्रथमच 24 संघ असतील, आणि कोणत्या देशाने कोणाला घ्यावे, कोणाला वगळावे, यावर बोलणे आतापासूनच सुरू झाले आहे. त्या चर्चेत ज्यांना उतरायचे आहे, किंवा निदान ती समजून घ्यायची आहे, त्यांनी आधी या संग्रहात काही संध्याकाळी घालवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

संघनिवडीवरचे बहुतेक वाद ठळक क्षणांच्या चित्रफितींवर पोसले जातात. त्या फितींत ट्राय (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) दिसतात, लांबून मारलेल्या किका दिसतात, एखादा कडेने धावणारा वेगवान विंगर तिघांना चकवून निघून जाताना दिसतो. पन्नासाव्या मिनिटाला नवा प्रॉप (पुढच्या फळीच्या कडेचा खेळाडू) मैदानात आल्यावर स्क्रमचा, म्हणजे दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांच्या ढकलाढकलीचा, कोन कसा बदलला, लाइनआउटमधील फेक (चेंडू मैदानाबाहेर गेल्यावर दोन रांगांमध्ये होणारी) अर्ध्या हाताने का चुकली, थकलेल्या लॉकने (दुसऱ्या फळीतील उंच खेळाडूने) दोन रक (खाली पडलेल्या चेंडूवरच्या झटापटी) सोडून दिल्यामुळे बचावात भगदाड कसे पडले, हे त्यांत कधीच येत नाही. आणि निवड समितीचा निर्णय खरा उतरला की फसला, ते नेमके तेथे ठरते. जून 2025 मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात झालेल्या रग्बी प्रीमियर लीगमुळे आपल्याकडे या खेळाला नवे प्रेक्षक मिळाले ही आनंदाची गोष्ट आहे, पण ती सात जणांची रग्बी होती. पंधरा जणांच्या रग्बीत आठ राखीव खेळाडू असतात आणि पुढच्या फळीतील तीन जागांवर प्रशिक्षित खेळाडूच उभे राहू शकतात. तसे खेळाडू उरले नाहीत तर स्क्रम नुसता नावापुरता होतो. त्यामुळे येथे संघ निवडणे म्हणजे सर्वोत्तम तेहतीस नावे एका कागदावर लिहिणे नव्हे, हे सामना पूर्ण पाहिल्यावरच अंगवळणी पडते.

या संग्रहाचा उपयोग कसा करावा हे सांगण्यासाठी 2023 च्या दक्षिण आफ्रिकेच्या संघाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही. प्रशिक्षक जाक निनाबर आणि क्रीडा संचालक रासी इरास्मस यांनी 8 ऑगस्ट 2023 रोजी 33 जणांचा संघ जाहीर केला. त्यात 19 फॉरवर्ड (स्क्रममध्ये ढकलणारे) आणि 14 बॅक (त्यांच्यामागे राहून चेंडू खेळवणारे) होते. 2019 चा अंतिम सामना जिंकून देणारा फ्लाय-हाफ (संघाची चाल ठरवणारा बॅक) हँड्रे पोलार्ड पोटरीच्या दुखापतीमुळे बाहेर होता, मधल्या फळीचा आधार लुखान्यो आम गुडघ्यामुळे बाहेर होता, आणि फ्लाय-हाफच्या जागेवर हक्काचा म्हणावा असा एकटा मॅनी लिबॉक होता. गरज पडल्यास डेमियन विलेम्सेने ती जागा सांभाळायची होती. दुसरीकडे स्क्रम-हाफ (स्क्रममधून चेंडू उचलून बॅकांकडे देणारे) मात्र चार घेतले होते: फाफ डी क्लर्क, कोबस राइनाक, जेडन हेंड्रिक्से आणि ग्रँट विल्यम्स. जाँ क्लेन हा लॉक 2019 च्या विश्वचषकात आयर्लंडकडून खेळला होता आणि बदललेल्या पात्रता नियमांमुळे आता दक्षिण आफ्रिकेच्या संघात आला होता. एका जागेसाठी चार माणसे आणि सर्वांत नाजूक जागेसाठी जेमतेम एक, अशी ही यादी वरवर पाहता असमतोल होती, आणि तिच्यावर झालेली टीका त्या दिवशी तरी गैरवाजवी म्हणता येणार नाही.

तथापि मार्सेय येथील स्कॉटलंडविरुद्धचा पहिला सामना लावून पाहावा. दक्षिण आफ्रिकेने तो 18-3 असा जिंकला, आणि त्यात लिबॉकने दुसरीकडे नजर ठेवून आडवी किक मारत कर्ट-ली अरेन्डसेला ट्राय मिळवून दिला. ती किक सर्वांनी चित्रफितीत पाहिली आहे. पूर्ण सामन्यात दिसते ती तिच्यामागची रचना, म्हणजे लिबॉक चेंडू घेताना बचावरेषेच्या किती जवळ उभा राहतो आणि त्यामुळे समोरच्या खेळाडूंना सरकायला किती कमी वेळ मिळतो. पोलार्ड अधिक खोलात उभा राहणारा, अधिक सावध खेळाडू आहे. लिबॉकला घेणे ही केवळ पोलार्डच्या अनुपस्थितीतील तडजोड नव्हती, त्यात खेळण्याच्या वेगळ्या पद्धतीचाही विचार होता, हे मत मी या सामन्याच्या आधारे ठामपणे मांडू शकतो.

त्या विचाराची किंमत आयर्लंडविरुद्ध मोजावी लागली. 23 सप्टेंबरचा तो सामना दक्षिण आफ्रिकेने 13-8 असा गमावला. लिबॉक आणि डी क्लर्क यांनी गोलाच्या किका वारंवार चुकवल्या आणि चांगला खेळूनही संघ हरला. हा सामना सलग पाहावा असे मी मुद्दाम सुचवतो, कारण निकाल माहीत असूनही तो गुंतवून ठेवतो आणि दोन्ही बाजूंच्या मतांना त्यात पुरावा सापडतो: मैदानी खेळात लिबॉकच्या निवडीचे समर्थन होते, तर प्रत्येक हुकलेल्या किकेबरोबर टीकाकारांचे म्हणणे बळावत जाते.

दरम्यान एक असा निर्णय झाला होता, ज्याला मी त्या संपूर्ण स्पर्धेतील सर्वांत धाडसी निवड मानतो. सप्टेंबरच्या मध्यास सरावात हूकर (पुढच्या फळीच्या मध्यभागी उभा राहणारा आणि लाइनआउटमध्ये चेंडू फेकणारा) माल्कम मार्क्सचा गुडघा दुखावला आणि तो स्पर्धेबाहेर गेला. जगातील उत्तम हूकरपैकी एक गेला तर दुसरा हूकर बोलवावा, हे कोणीही सांगेल. समितीने तंदुरुस्त झालेल्या पोलार्डला बोलावले. हूकरच्या जागेसाठी मग बोंगी म्बोनाम्बी उरला, आणि त्याच्यामागे डिऑन फूरी, जो कारकिर्दीच्या सुरुवातीला हूकर होता, पण नंतरची बरीच वर्षे फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड) म्हणून खेळला होता आणि 2022 मध्ये वयाच्या 35 व्या वर्षी दक्षिण आफ्रिकेकडून पदार्पण करणारा सर्वांत वयस्क खेळाडू ठरला होता.

यापुढचे तीन बाद फेरीचे सामने क्रमाने पाहिले, तर निवडीच्या निर्णयाचा असा सलग पडताळा क्वचितच मिळतो. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व फेरीत लिबॉकने सुरुवात केली. उत्तरार्धात पोलार्ड आला, लॉक इबेन एट्झेबेथच्या ट्रायनंतरची गोलाची किक (कन्व्हर्जन) आणि पाठोपाठ एक पेनल्टी (दंडाची किक) त्याने साधली, आणि दक्षिण आफ्रिकेने सामना 29-28 असा जिंकला. इंग्लंडविरुद्धच्या उपांत्य फेरीत पावसामुळे चेंडू हातात टिकत नव्हता, तेव्हा लिबॉकला 31 व्या मिनिटालाच बाहेर काढून पोलार्डला आणले गेले. लिबॉकसाठी तो क्षण कठीण होता आणि पडद्यावर पाहतानाही वाईट वाटते, पण निर्णय अचूक होता. शेवटच्या मिनिटांत सुमारे 49 मीटरवरून पोलार्डने मारलेल्या पेनल्टीने 16-15 असा विजय मिळाला. अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचे सर्व 12 गुण पोलार्डचे होते आणि निकाल 12-11 होता. तीन सामने, प्रत्येक वेळी एका गुणाचे अंतर. एवढ्यावर थांबले तर समितीचा जयजयकार करून मोकळे होता येते.

परंतु अंतिम सामन्याची पहिली पाच मिनिटे पुढे पळवू नयेत. सामना सुरू होताच म्बोनाम्बीच्या पायाला दुखापत झाली आणि 37 वर्षांच्या फूरीला जवळजवळ संपूर्ण सामना हूकर म्हणून खेळावा लागला. समितीने पत्करलेला धोका कल्पनेत राहिला नाही, तो नेमका सर्वांत वाईट वेळी समोर आला. लाइनआउटमध्ये दक्षिण आफ्रिकेची त्यानंतर झालेली ओढाताण प्रत्येक फेकीगणिक दिसते. फूरीने टॅकलमध्ये आणि रकमध्ये जिवापाड कष्ट केले आणि त्याच्याविषयीचा माझा आदर दर पाहण्यागणिक वाढत गेला आहे. तरीही न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पूर्वार्धातच लाल कार्डामुळे बाहेर गेला नसता, तर हीच हूकरची उणीव पराभवाचे कारण म्हणून सांगितली गेली असती, असे मला वाटते. म्हणून पोलार्डला बोलावणे योग्य, पण मुळात ऑगस्टमध्ये तिसरा पूर्ण वेळ हूकर न घेणे चूक, असे माझे मत आहे. ही जागा चौथ्या स्क्रम-हाफमधून सहज निघाली असती. अंतिम सामन्याच्या राखीव खेळाडूंत तर एकही स्क्रम-हाफ नव्हता आणि डी क्लर्क ऐंशीच्या ऐंशी मिनिटे खेळला, हे लक्षात घेतल्यावर चार स्क्रम-हाफचा आग्रह अधिकच अनाकलनीय ठरतो.

अंतिम सामन्यातील आठ राखीव खेळाडूंपैकी सात फॉरवर्ड होते आणि विली ले रू हा एकटा बॅक. ही रचना प्रथम दिसली 25 ऑगस्टला ट्विकनहॅमच्या सरावसामन्यात, ज्यात न्यूझीलंडचा 35-7 असा धुव्वा उडाला. तेव्हा ले रू ऐनवेळी बाहेर पडल्यामुळे त्याच्या जागी क्वाग्गा स्मिथ हा फॉरवर्ड राखीवांत आला होता. फॉरवर्डांवरचा हा भर का, याचे उत्तर पूर्ण सामन्यांतच मिळते. फ्रान्सविरुद्ध विलेम्सेने स्वतःच्या 22 मीटरच्या आत उंच चेंडू अचूक झेलून मार्क, म्हणजे अशा झेलाबद्दल मिळणारी मोकळीक, मागितला. अशा वेळी सगळेच संघ चेंडू लांब मारून संकट टाळतात. त्याने स्क्रम मागितला. आपल्या प्रॉपांवर एवढा भरवसा ठेवून स्वतःच्या गोलासमोर स्क्रम घेणे, हा त्या 19 फॉरवर्डांच्या यादीचाच अर्थ मैदानावर उलगडत होता. उपांत्य फेरीत ऑक्स न्चे आणि व्हिन्सेंट कॉख आल्यावर इंग्लंडचा स्क्रम खचत गेला आणि पोलार्डची विजयी पेनल्टी स्क्रममधूनच मिळाली. चित्रफितीत पोलार्डची किक दिसते; ती मिळवून देणारी वीस मिनिटांची ढकलाढकल पाहायला पूर्ण सामना लागतो. संग्रहाची शिफारस मी ज्या एका गोष्टीसाठी करतो, ती हीच.

सेवेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. समालोचन इंग्रजीत आहे, आणि स्क्रममध्ये पंचांनी दंड का दिला, हे नवख्या प्रेक्षकाला त्यातून पुरेसे समजेलच असे नाही. ज्या देशात एखाद्या वाहिनीने थेट प्रक्षेपणाचे हक्क घेतलेले असतात, तेथे ते सामने या सेवेवर थेट दिसत नाहीत. त्यामुळे विश्वचषक थेट पाहण्यासाठी केवळ हिच्यावर विसंबून राहू नये. सामन्यांच्या शेजारी संघाची मूळ यादी, वगळलेल्या खेळाडूंची नावे किंवा दुखापतींचा तपशील मांडलेला नसतो, म्हणून निवडीचा अभ्यास करणाऱ्याने जाहीर झालेली यादी वेगळी मिळवून समोर ठेवावी. पहिल्यांदाच रग्बी पाहणाऱ्याने आयर्लंडच्या सामन्यापासून सुरुवात करू नये. फ्रान्सचा सामना घ्यावा, त्याचा वेग आणि त्यातील ट्राय नियम न कळताही बांधून ठेवतात. पैसे न मोजता मिळणाऱ्या सेवेकडून याहून अधिक मागणे मला रास्त वाटत नाही.

आता 2027 कडे पाहताना मला या संग्रहातून जे दिसते ते सांगतो. इरास्मस आता मुख्य प्रशिक्षक आहेत, आणि फ्लाय-हाफच्या जागेसाठी साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलू हे नाव इतरांच्या पुढे गेले आहे. सप्टेंबर 2025 मध्ये डर्बनला अर्जेंटिनाविरुद्ध त्याने एकट्याने 37 गुण मिळवले, जो दक्षिण आफ्रिकेचा विक्रम आहे. लिबॉकसारखे बचावाच्या जवळ खेळण्याचे धाडस त्याच्यात आहे. तरी निर्णायक किकेसाठी शांत डोक्याचा दुसरा फ्लाय-हाफ संघात पहिल्या दिवसापासून असलाच पाहिजे, कोणाच्या दुखापतीनंतर बोलावलेला नव्हे. सेंटर (मधल्या फळीतील बॅक) असलेल्या आंद्रे एस्टरहाइझेनला 2025 मध्ये फ्लँकर म्हणूनही उतरवले गेले. असा दोन्ही फळ्यांत खेळणारा गडी राखीवांतील एक जागा वाचवतो, आणि ती वाचलेली जागा तिसऱ्या हूकरला द्यावी. 2023 चा कर्णधार सिया कोलिसी आणि एट्झेबेथ दोघेही तेव्हा छत्तिशीत असतील किंवा तिच्या उंबरठ्यावर असतील. त्यांना केवळ पूर्वपुण्याईवर घेऊ नये, आणि केवळ वयाकडे बोट दाखवून वगळूही नये. 2026 आणि 2027 च्या सामन्यांत साठाव्या मिनिटानंतर ते कसे उभे राहतात ते पाहूनच त्यांची नावे लिहावीत.