नोकरी लागायला की काम करायला? शिक्षण आणि काम यांचा मेळ मोजण्याच्या तीन पद्धती

कोण गरजेपेक्षा जास्त शिकून कमी शिक्षणाच्या कामावर बसलाय, हे मोजायचं तर तीन पद्धती आहेत: व्यवसायाच्या वर्गीकरणावरून, त्या व्यवसायातल्या बाकीच्यांच्या शिक्षणावरून, किंवा सरळ कामगाराला विचारून. तिन्ही मी वापरल्या आहेत.

वर्गीकरणाचं थोडक्यात सांगतो. आयस्को-08 या व्यवसायांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कौशल्याच्या चारच पातळ्या आहेत, आणि कामाला किती शिक्षण लागतं हे त्या पातळीवरून ठरवतात. कारकून, विक्रेते, शेतकरी, कारागीर, यंत्रचालक, म्हणजे 4 ते 8 क्रमांकाचे सगळे गट, दुसऱ्या पातळीवर. देशादेशांच्या तुलनेला ही चाळणी चालते, पण तिची भोकं फार मोठी आहेत.

दुसरी पद्धत मोहात पाडते, कारण व्यवसाय आणि शिक्षण हे दोन रकाने असले की भागतं. व्यवसायाच्या सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाहून (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) जास्त वर्षं शिकलेला तो अतिशिक्षित, अशी व्हर्डुगो आणि व्हर्डुगो यांची 1989 ची मांडणी. पुढे सरासरीऐवजी बहुलकही, म्हणजे त्या व्यवसायात सर्वांत जास्त जणांचं जे शिक्षण असतं तेही, रुळला. मीही बरीच वर्षं बहुलकच धरत होतो. मग डेटा एंट्रीच्या कामाची माहिती हातात आली. जवळपास सगळे पदवीधर, म्हणून बहुलक पदवी आणि अतिशिक्षित जवळजवळ कुणीच नाही. उलट बारावीवर तेच काम चोख करणारे दोघं-तिघं अल्पशिक्षित ठरले! पदवीधरांना दुसरीकडे जागा नव्हत्या म्हणून ते इथे साचले, आणि साचले म्हणूनच हिशेबात योग्य ठरले. हे मला काही केल्या पचलं नाही.

कामगाराला विचारलं तर तो आपलं काम थोडं फुगवून सांगतो, हा आक्षेप खोटा नाही. प्रश्नाची शब्दरचनाही नाजूक. डंकन आणि हॉफमन यांच्या 1981 च्या अभ्यासामागचा प्रश्न अशी नोकरी मिळायला किती शिक्षण लागतं, असा होता. मी मोघम विचारलं, "तुमच्या कामाला किती शिक्षण लागतं?" तेव्हा एका ताईंनी उलट विचारलं, "नोकरी लागायला, की काम करायला?" त्यांच्या मते लागायला पदवी हवी, करायला बारावी पुरे. मला जे मोजायचं होतं ते या दोन उत्तरांमधल्या अंतरात होतं, आणि बहुलकात ते कधीच दिसलं नसतं.

तुमच्याकडे फक्त जुनी आकडेवारी असेल तर बहुलकाला पर्याय नसेलही. मग निदान तो एखाद्या आधीच्या, पदवीधर साचण्यापूर्वीच्या वर्षाचा धरा. नवी प्रश्नावली करणार असाल तर मात्र दोन्ही प्रश्न वेगवेगळे ठेवा, आणि "करायला" आधी विचारा. "लागायला" आधी आलं की लोक तेच उत्तर पुढे ओढतात, असं मला तरी दिसलं.